हजेरी
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त चितेगाव येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मला दोन शब्द बोलण्यास सांगितले, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार नाही. दहावी पास झालेला, तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. समितीने मला विषय दिला, 'वर्तमानात जगायला शिकणे'. विषय ऐकून मला घामच फुटला. हा विषय थोरामोठ्यांचा. आपण यावर काय बोलावे? परंतु घरी येऊन विचार करीत बसलो, तेव्हा ध्यानात आले की या गोष्टीसाठी शाळेत आणि कचेरीत एक साधा शब्द आपण लहानपणापासून वापरीत आलो आहोत. तो शब्द म्हणजे हजेरी.

शाळेत गुरुजी नाव पुकारीत आणि आपण 'हजर' म्हणत असू. नोकरीत मस्टरवर सही करावयाची असे. आता यंत्रावर अंगठा लावावा लागतो. अंगठा लावला की यंत्र सांगते, हा मनुष्य हजर आहे. पण तो खरोखर हजर आहे काय? हात टेबलावर असतो आणि मन मुलीच्या फीमध्ये असते, भावाशी झालेल्या भांडणात असते, नाहीतर पुढच्या बदलीत असते. कचेरीचे राहू द्या. आपण देवळात येतो, देवापुढे उभे राहतो, हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि मन मात्र बाहेर चपलांपाशी! देवाने मस्टर ठेवले असते, तर आपल्यापैकी कितीजणांची गैरहजेरी लागली असती, याचा ज्याने त्याने विचार करावा. माझी तर नक्कीच लागली असती.

वर्तमानात जगणे म्हणजे माझ्या अल्पमतीप्रमाणे एवढेच, की जेथे आपला देह आहे तेथे आपले मन हजर असणे. हे सांगावयास सोपे आहे, पण करावयास फार कठीण आहे. ते शिकावे लागते, आणि शिकविणारे मोठे गुरू आपल्या दाराशी होऊन गेले आहेत.

आपले गाव पैठणच्या वाटेवर आहे. फाल्गुन महिन्यात षष्ठीच्या दिंड्या आपल्या रस्त्याने जातात, आपण त्यांना पाणी देतो, चहा देतो. ज्या नाथांसाठी ही माणसे चालत जातात, त्या एकनाथ महाराजांची एक कथा मला कारकून म्हणून फार जवळची वाटते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे, म्हणजे आपल्या दौलताबादचे किल्लेदार होते. नाथ लहान वयातच पैठणहून त्यांच्याकडे गेले आणि सेवा करू लागले. स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम दिले. एके दिवशी हिशेबात एका पैचा फरक पडला. पै म्हणजे केवढी? जुन्या रुपयाचा एकशे ब्याण्णवावा हिस्सा. दुसरा कोणी असता तर 'उद्या पाहू' म्हणून झोपी गेला असता. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली, तहानभूक नाही, झोप नाही. अखेर ती पै सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर तुला एवढा आनंद. हेच चित्त देवाकडे लागले तर केवढा आनंद होईल! अशी ही कथा परंपरेने सांगितली जाते.

कीर्तनकार मंडळी या कथेतून देवाकडे जातात, आणि ते योग्यच आहे. मी कारकून असल्यामुळे त्या पैपाशीच थोडा थांबतो. मला वाटते, स्वामींना त्या रात्री शिष्याचा गुण कळला तो यामुळे, की हा मुलगा जेथे बसला तेथे सगळाच्या सगळा बसला होता. जो एका पैजवळ पूर्ण हजर राहू शकतो, तोच देवाजवळ पूर्ण हजर राहू शकेल. जो कामात अर्धा, तो भक्तीतही अर्धाच राहतो.

नाथांचीच दुसरी कथा आपण सर्वजण जाणता. काशीहून गंगेची कावड भरून ते रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. बरोबरच्या माणसांच्या डोळ्यांपुढे रामेश्वर होते. नाथांच्या डोळ्यांपुढे ते गाढव होते. त्यांनी कावडीतले पाणी त्याच्या तोंडात ओतले, आणि माझी सेवा रामेश्वराला येथेच पोहोचली, अशी त्यांची भावना होती. ही भूतदयेची कथा म्हणून आपण ऐकतो. ती हजेरीचीही कथा आहे. पुढे मिळावयाच्या पुण्याकडे डोळे लागले, की समोरचा तहानलेला दिसेनासा होतो.

आता कोणी म्हणेल, हे संतांचे झाले, तुझे काय? माझा एक अनुभव सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्यानंतर नुकसानीच्या अनुदानासाठी टेबलापुढे रांगा लागल्या. एक वयस्क शेतकरी चौथ्यांदा आले होते. त्यांचे पैसे खात्यावर जमा झाले नव्हते. आधी तीन वेळा मी मान वर न करता 'याद्या वर गेल्या आहेत, येतील पैसे' असे उत्तर दिले होते. चौथ्या वेळी ते काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. का कोण जाणे, त्या दिवशी मी मान वर केली. त्यांना खुर्ची दिली, पासबुक मागितले आणि यादीतला खाते क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. एक आकडा चुकला होता, आणि तो माझ्याच हातून चुकला होता. नाथांची पै मला त्या दिवशी सापडली, पण तीन महिने उशिरा. त्या तीन महिन्यांत त्या माणसाने बियाणे कोणाकडून आणि कसे उसने आणले असेल, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मंडळी, आपण हजर नसतो त्याचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याला सोसावा लागतो.

येथे एक शंका कोणीही काढील, आणि ती रास्त आहे. वर्तमानात जगा म्हणता, मग उद्याचे पाहावयाचे नाही काय? शेतकऱ्याला उद्याचा विचार केल्यावाचून चालत नाही. बियाणे राखावे लागते, सोसायटीचे देणे असते, मुलीचे लग्न असते. आणि आमच्या गावातील जी मुले कंपनीत कंत्राटावर जातात, त्यांना तर पुढच्या महिन्यात काम राहील की नाही याचीच धास्ती. त्यांना 'काळजी करू नका, आजचा दिवस आनंदात घालवा' असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होईल. मी तसे सांगणार नाही.

माझे म्हणणे असे, की उद्याची तरतूद करणे हे आजचेच काम आहे. ते आज मन लावून करावे. काळजी ही निराळी गोष्ट आहे. तरतुदीने कणगीत दाणा पडतो. काळजीने काही पडत नाही, उलट आजची भाकरी कडू होते. हा फरक शेतकऱ्याला मी सांगण्याची गरज नाही, कारण वाफसा म्हणजे काय हे तोच मला सांगेल. पाऊस पडला म्हणून लगेच तिफण घालता येत नाही, जमीन चिखलट असते. फार थांबले तर ओल उडून जाते. मधली जी घडी असते, माती हातात धरून दाबली तर गोळा व्हावा आणि सोडली तर फुटावा, तो वाफसा. त्या घडीला शेतकरी गेल्या वर्षीचे नुकसान आठवीत बसत नाही आणि येत्या दिवाळीचा भाव मोजीत बसत नाही. तो मातीकडे पाहतो. पेरणी होते ती पुढच्या चार महिन्यांसाठी, पण करावी लागते ती त्याच घडीला. मनालाही असा वाफसा असतो. मुलगा शाळेतून येऊन काही सांगू पाहतो, म्हातारी आई मध्येच हाक मारते, शेजारी दारात येऊन उगाच घुटमळतो, तो वाफसा असतो. तो निघून गेला, की मग कितीही बी टाका, उगवत नाही.

शेवटची गोष्ट जरा अधिक सांगतो. अलीकडच्या काळात आपल्या भागात कर्जाने खचून जीव दिलेल्या माणसांची प्रकरणे कागदाच्या रूपाने कचेरीत येतात. ते कागद हाताळताना माझ्या मनात नेहमी येते, की हा माणूस त्याआधी कोणाच्या तरी दारात, कोणाच्या तरी पारावर येऊन उगाच घुटमळला असेल. त्याला कर्जमाफी देणे आपल्या हातात नाही. पण त्याच्याजवळ बसणे, 'काय रे, आज गप्प का?' एवढे विचारणे, त्याला घरी एकटा न सोडणे आणि जरूर तर डॉक्टरकडे घेऊन जाणे हे आपल्या हातात आहे. वर्तमानात जगण्याचा उपदेश अशा माणसाला करू नये. त्याच्याजवळ आपण स्वतः हजर राहावे.

जवळ बसून ऐकण्याने केवढी गोष्ट घडते, याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९३२ साली विनोबाजी भावे आणि साने गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाजी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत, असे अठरा रविवार. तेथे ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते. साने गुरुजी कान देऊन ऐकत आणि लिहून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला आणि पुढे तो देशातील अनेक भाषांत गेला. तुरुंगात माणसाचे मन सहज बाहेर धावते. घर आठवते, सुटकेचा दिवस आठवतो. गुरुजी त्या रविवारी तुरुंगात हजर राहिले, म्हणून ते बोलणे आजवर टिकले.

हे मी सांगतो आहे, आणि माझाच गुन्हा मला समोर दिसतो आहे. तो या मंदिराशी निगडित आहे, म्हणून आपल्यापुढे कबूल करतो.

आमचे बापू, म्हणजे माझे वडील, आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक होते. अखेरच्या वर्षात त्यांना फार हिंडवत नसे. संध्याकाळी मी घरी आलो, की ते ओट्यावर बसून बोलावयाचे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी त्यांच्या तोंडी नेहमी असत. तेव्हा ते तरुण होते. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, हे मी पन्नास वेळा ऐकले होते. म्हणून मी जवळ बसे, पण मोबाईल पाहत असे आणि अधूनमधून 'हं' म्हणत असे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "त्याच साली देवळाची पायरी बसवली. तो दगड ज्याने दिला ना, त्याच्या घरी त्या दिवशी..." आणि ते थांबले. मी 'हं' म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जाऊ दे बाबा, तू कामात आहेस." मी कामात नव्हतो. कोणाच्या तरी लग्नाचे फोटो पाहत होतो. मनात म्हटले, उद्या विचारू. त्यानंतर आठ दिवसांत बापू गेले.

मंदिराचा पाया खणताना समितीने ती जुनी पायरी काढली, हे आपण जाणताच. दगडाच्या खालच्या अंगाला छिन्नीने काही कोरलेले निघाले. अक्षरे झिजलेली आहेत. नाव असावे, पण लागत नाही. समितीने गावातील वृद्ध मंडळींना विचारले, कोणाला आठवेना. त्या सभेत मी मागे बसलो होतो आणि खाली मान घालून होतो. ज्याला ठाऊक होते तो माणूस मला सांगावयास निघाला होता, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसूनही गैरहजर होतो. आज या पुस्तिकेत देणगीदारांची नावे छापली आहेत. अकरा रुपये देणाऱ्याचे नाव आहे आणि लाख देणाऱ्याचेही आहे. दुष्काळात, घरात दाणा नसताना, ज्याने देवाच्या पायरीला दगड दिला त्याचे नाव मात्र नाही. ते माझ्यामुळे नाही.

तेर येथील गोरोबाकाकांची कथा आपण ऐकतो. भजनात देहभान हरपून ते चिखल तुडवीत होते आणि त्यांचे रांगते बाळ त्या चिखलात सापडले. काकांची भक्ती फार थोर, म्हणून देवाने त्यांचे बाळ त्यांना परत दिले, अशी कथा आहे. ती ऐकताना पूर्वी माझे डोळे भक्तीने भरून येत. आता मनात भीतीही उभी राहते. आपण तर भजनातही रंगलेले नसतो. आपण मोबाईलमध्ये, हेव्यादाव्यात, जुन्या भांडणात रंगलेले असतो, आणि पायाखाली काय तुडवले जाते ते पाहत नाही. आपल्यासारख्यांना गेलेले परत मिळत नाही.

मग शिकावे कसे? मला जे थोडे उमगले ते सांगतो. मोठी साधना करणाऱ्यांसाठी मार्ग आहेतच. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे विपश्यनेचे केंद्र उभे राहिले. तेथे दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून प्रथम आपल्या श्वासाकडे पाहावयास शिकवितात. ही भगवान बुद्धांची शिकवण. अजिंठा आणि वेरूळ आपल्या जिल्ह्यातच आहेत; तेथील लेण्यांत शेकडो वर्षांपूर्वी भिक्षू राहत होते. श्वासच का? कारण कालचा श्वास आज घेता येत नाही आणि उद्याचा आज साठवता येत नाही. आपल्या वारकऱ्यांचे नामस्मरण हीही तीच वाट आहे, जर नाम ओठांवर आणि मन माळेवर असेल तर.

आपणां संसारी माणसांसाठी मी स्वतःपुरते चार नियम केले आहेत. जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि पहिले चार घास तरी चव घेऊन खातो. घरचे कोणी बोलू लागले तर हातातले काम खाली ठेवतो. ठेवणे शक्य नसेल तर 'पाच मिनिटे थांब' असे सांगतो, पण खोटे 'हं' म्हणत नाही. रात्री उद्याची कामे कागदावर लिहून काढतो आणि कागद मिटतो, म्हणजे ती अंथरुणात येत नाहीत. आणि देवळात आलो, की काही मागण्याआधी तीन श्वास नुसता उभा राहतो. हे नियम रोज मोडतात. मन पळते, त्याला पुन्हा आणावे लागते. नवे गोऱ्हे औताला धरताना ते एका दिवसात वळत नाही. मारून तर मुळीच वळत नाही. पुन्हा पुन्हा वळवीत राहावे लागते. चुकून पळाले हे ध्यानात आले, तीच हजेरी समजावी आणि परत यावे.

शेवटी एक विनंती करतो. मंदिर सुंदर झाले आहे. कळस चढला, सभामंडपात फरशी बसली, दिवे लागले. दगड, सिमेंट आणि वर्गणी यांनी हे झाले. यापुढचे काम वर्गणीने व्हावयाचे नाही. येथे येणाऱ्याने येथे हजर राहावे, एवढीच देणगी देवाला अजून यावयाची आहे, आणि ती गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच देता येते. गावात जी ऐंशीच्या पुढची माणसे आहेत, त्यांच्याजवळ आपण तरुणांनी या आठवड्यात एकेक संध्याकाळ बसावे. त्यांचे बोलणे पन्नास वेळा ऐकलेले असले तरी एक्कावन्नाव्यांदा ऐकावे. कदाचित त्यांच्यापैकी कोणाला त्या पायरीच्या दगडाची गोष्ट अजून आठवेल. आठवलीच, तर ते नाव छापण्यासाठी या पुस्तिकेत जागा राहिलेली नाही, पण समितीने भिंतीवर जागा ठेवली आहे.

तो दगड समितीने टाकून दिला नाही, याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानतो. नव्या दारापुढे पहिली पायरी म्हणून तोच बसविला आहे. आत जाताना त्यावर पाय ठेवावाच लागतो. मी रोज तेथे क्षणभर थांबतो. आपणही थांबावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

रामकृष्ण हरी.